नाकाला सवय होते, फुप्फुसाला नाही

कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडचा वास विक्रोळी, भांडुप, मुलुंडपर्यंत पोचतो. लोकांनी मोर्चे काढले, कोर्टाची पायरीही चढली. तरी वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला ऐकू येते, "ताई, आता सवय झाली, वास येत नाही." साहेब लोकांना हेच हवे असते.

ओला कचरा हवेशिवाय कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. सतत वास घेऊन नाक बधिर होते, वायू मात्र तिथेच असतो. म्हणून पाहुणा आला तर त्याला विचारा, त्याचे नाक ताजे असते.

घरात एक वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून होता, कोणाला काय झाले ते लिहा: डोळे चुरचुरले, मळमळले, डोके दुखले, पोराला दम लागला. रात्री आणि पहाटे वारा पडला की वास दाटतो, ती नोंद चुकवू नका. दवाखान्यात गेलात की "वास आल्यावर दम वाढला" हे केसपेपरवर लिहायला सांगा. नुसता 'खोकला' लिहिलेला कागद पुढे काही बोलत नाही. आणि वास मारायला धूप, कॉइल पेटवू नका. दमेकऱ्याला तो धूर आणखी छळतो.

दहा घरांच्या वह्या जुळल्या की त्यांच्या झेरॉक्ससह महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. हवा वस्तीत येऊन मोजा अशी मागणी करा, आणि तीही रात्री. भर दुपारी नव्हे.