मृत गर्भाचे दान : संमती कोणाची?

वडोदऱ्याजवळील नंदेसरी औद्योगिक वसाहतीत कामधंद्यासाठी स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पाचव्या महिन्यात गर्भ गेला. रुग्णालयात माता ग्लानीत आहे आणि नातलग पुढे येईल त्या कागदावर सही करीत आहेत. अशा वेळी 'गर्भ अभ्यासासाठी द्याल का?' असे कोणी विचारल्यास उत्तर कोणी द्यावयाचे?

दानाचा उपयोग

गर्भातील अवयव कसे घडतात आणि जन्मजात व्यंगे कशी उद्भवतात, याचे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत जतन केलेल्या गर्भांवरून दिले जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला २०२५ साली एका दांपत्याने पाचव्या महिन्यात गमावलेला गर्भ दान केला. हे दान झाले नाही आणि कुटुंबानेही गर्भाची मागणी केली नाही, तर काय होते? जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये जीवनक्षम होण्यापूर्वीचा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो व त्याची विल्हेवाट बहुधा भट्टीत लावली जाते.

कायद्याची भूमिका

केवळ या दानासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ अन्वये सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास तिचीच संमती लागते, पतीची नव्हे. स्त्री १८ वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असल्यास पालकाची लेखी संमती घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गर्भपाताची व गर्भ-ऊतींच्या दानाची संमती निरनिराळी घेण्यास सांगितले. दानासाठी गर्भपात करवून घेऊ नये, तसेच उपचार करणारा वैद्य व गर्भाचा उपयोग करणारी व्यक्ती एकच असू नये, असेही त्यांत बजावले आहे.

गर्भ आपोआप गेला असला तरी हेच तत्त्व पाळणे उचित होय. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावरील सही म्हणजे दानाची संमती नव्हे. गर्भ का गेला हे शोधण्यासाठी होणारी तपासणी ही तिसरी बाब आहे. पुढील गर्भारपणाच्या दृष्टीने ती मोलाची ठरू शकते. म्हणून तिचा विचार दानापूर्वीच करावा.

सहीपूर्वी विचारावे

१. गर्भ शिक्षणासाठी हवा आहे, की संशोधनासाठी?
२. तो कोणती संस्था घेणार व किती काळ ठेवणार?
३. मातेचे नाव गुप्त राहील काय?
४. मन बदलल्यास संमती केव्हापर्यंत मागे घेता येईल?

दानाबद्दल मोबदला मागू नये व स्वीकारू नये. नकार दिल्यास उपचारांत उणेपणा येता कामा नये. २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा मृतजन्म असेल, तर जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये त्याची नोंद आवश्यकच आहे. दानामुळे ती टळत नाही.

नंदेसरीतील त्या कुटुंबाला कोणी घाई करू नये. माता शुद्धीवर यावी, तिला तिच्या भाषेत सारे समजावून सांगावे आणि मग तिचा होकार वा नकार लिहून घ्यावा. दान श्रेष्ठ खरेच; परंतु देणारीला कळलेच नाही, तर त्याला दान म्हणता येत नाही.