वीस मिनिटांचे कुटुंबचित्र

घरातील सर्व माणसे एका चौकटीत आणणे ही गोष्ट आज जितकी सोपी झाली आहे, तितकीच ती अवघड होऊन बसली आहे. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. माणसे मात्र पुणे, हैदराबाद, दुबई अशी पांगलेली आहेत. ती दिवाळीत नाहीतर लग्नकार्यात चार दिवस एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. या चार दिवसांची नड ओळखून गेल्या काही वर्षांत छायाचित्रकारांनी ‘मिनी सेशन’ नावाची एक पद्धत रूढ केली आहे. एखादी बाग अथवा स्टुडिओतील एक कोपरा सजवून ठेवायचा, दिवसभरात ओळीने अनेक कुटुंबांना वेळा वाटून द्यायच्या, प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटे, आणि शेवटी ठरलेली मोजकी छायाचित्रे द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीचे गुण कोणते आणि दोष कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय हलका वाटेल, पण आपल्या घरातील भिंतींवर उद्या कोण असणार आहे, याच्याशी तो निगडित आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थोडक्या वेळात कुटुंबाचे चित्र उरकणे ही आजची उपज नव्हे. १८५१ नंतर जी ओल्या काचेची पद्धत जगभर पसरली, तिच्यात काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत ते धुऊनही काढायचे, असा प्रकार होता. दहा-पंधरा मिनिटांत सारा खेळ संपे. मात्र त्यापूर्वीची तयारी दीर्घ असे. कोण बसणार, कोण उभे राहणार, पदर कसा, पगडी कशी, हे सर्व ठरल्यावरच काच तयार होई. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील आपले पूर्वज रागावलेले दिसतात त्याला हेही एक कारण आहे. ते बिचारे श्वास रोखून बसलेले असत.

आपल्या शहराचा या इतिहासाशी संबंध आहे. १९४८ पर्यंत औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते आणि त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात आपला मकबरा व वेरूळची लेणी टिपली. परंतु मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत केवळ पडदानशीन स्त्रियांसाठी एक स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपविला. कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्याचा संकोच आधी गेला पाहिजे, मगच चित्र निघते, ही जाण त्यामागे होती. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करीत; कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, या समजुतीशी त्यांनाही झगडावे लागल्याचे सांगतात. आज ती समजूत उरली नाही, संकोच मात्र उरला आहे, आणि तो वीस मिनिटांत जातोच असे नाही.

सामान्य माणसापर्यंत छायाचित्र पोहोचविले ते जत्रेतील फोटोवाल्याने. कर्णपुऱ्याच्या यात्रेत रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहून काढलेला एक फोटो आमच्या घरी आहे. पडद्यावर मोटार आहे, मोटारीच्या खिडकीतून वडील व काका डोकावत आहेत, आणि दोघांच्याही पायांत चपला नाहीत. हे मिनी सेशन नव्हे तर काय? तयार पार्श्वभूमी, बाहेर रांग, दोन मिनिटांचे काम, परवडणारा दर. फरक इतकाच की पडद्याच्या जागी आज बांबूचा झोपाळा आणि कागदी फुलांची कमान आली आहे.

आता गुणांकडे वळू. पहिला गुण अर्थातच पैशाचा. छायाचित्रकाराला दोन-तीन तास आपल्याच घरासाठी बोलावणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. सजावट आणि दिवसाचे भाडे अनेक कुटुंबांत विभागले गेले की तेच काम आवाक्यात येते. दुसरा गुण लहान मुलांच्या बाबतीत दिसतो. तीन वर्षांचे मूल नव्या कपड्यांत, नव्या जागी पाव तासापेक्षा अधिक वेळ प्रसन्न राहत नाही, हे कोणतीही आई सांगेल. लांबलचक बैठकीत पहिल्या पाव तासानंतरची चित्रे बहुधा रडव्या चेहऱ्यांचीच असतात. शिवाय आमच्या काकांसारखी माणसे असतात, ज्यांना दोन तासांचे बोलावणे आले तर ती येतच नाहीत. ‘वीस मिनिटांत सोडतो’ म्हटले की निमूटपणे शर्ट बदलतात.

दोष अधिक बारकाईने पाहावे लागतात, कारण ते चित्र हाती येईपर्यंत कळत नाहीत.

एकतर हिशेब पाहा. समूहचित्रात कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. निक स्वेन्सन व पियर्स बार्न्स या दोघांनी ऑस्ट्रेलियात याचे गणित मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांचा ठोकताळा असा की, वीसपर्यंत माणसांचा गट असेल तर माणसांच्या संख्येला तिनाने भागावे. चांगल्या उजेडात तितकी चित्रे घेतली म्हणजे निदान एकात सर्वांचे डोळे उघडे सापडण्याची बऱ्यापैकी खात्री असते. उजेड मंद असेल तर दोनाने भागावे. म्हणजे बारा माणसांना चार ते सहा चित्रे. हे काही सेकंदांचे काम आहे, तेव्हा वीस मिनिटे भरपूर झाली असे वाटेल. पण हे गणित केवळ पापण्यांचे आहे. कोण कुठे पाहतो, कोण अवघडला आहे, कोणाची मान दुसऱ्याच्या खांद्याआड गेली आहे, याला सूत्र नाही.

शिवाय आपल्याकडे ‘कुटुंब’ म्हणजे एक चित्र नव्हे. सर्वांचे एक, आजी-आजोबांचे नातवंडांसह एक, भावाभावांचे, जावाजावांचे, नव्या जोडप्याचे, अशी पाच-सहा चित्रे मनात ठरवूनच माणसे येतात. वीस मिनिटांना पाचाने भागले तर प्रत्येकी चार मिनिटे, आणि त्यातली दोन जागा बदलण्यात जातात. दोन ओळी झाल्या की तांत्रिक अडचणही येते. एका जोडप्यासाठी अॅपर्चर मोठे ठेवून पार्श्वभूमी धूसर केलेली असते. तशाच मांडणीत बारा माणसे उभी केली तर मागची ओळही धूसर होते. घाईत हे विसरणारे छायाचित्रकार आहेत. मागच्या ओळीत नेमक्या घरच्या सुना असतात, हे आणखी एक.

येथे आमच्याच घरचा अनुभव सांगतो. २०२३ च्या भाऊबीजेला आम्ही अशी एक वेळ घेतली होती, दौलताबादच्या रस्त्यावरील एका बागेत, चार चाळीस ते पाच. त्या दिवसांत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. उजेड सोन्यासारखा होता. आम्ही अकरा जण. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. फाटकापासून खुर्चीपर्यंत तिला हात धरून आणण्यात सात-आठ मिनिटे लागणार हे कुणी धरलेच नव्हते. ती येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून चुलतभावाच्या नव्या जोडप्याची चित्रे सुरू झाली, मग मुलांची. आजी खुर्चीवर टेकली तेव्हा पाच-सहा मिनिटे उरली होती. तिला कमी ऐकू येई. छायाचित्रकार म्हणे, “आज्जी, इकडं बघा.” वडील म्हणत, “आई, समोर बघ, समोर.” जो ओरडेल त्याच्याकडे ती वळे. पदर नीट करायला आत्या पुढे झाली की तिच्याकडे पाही. तेवढ्यात फाटकाशी पुढचे कुटुंब येऊन उभे राहिले. सर्वांचे कपडे एकाच रंगाचे, कडेवर तान्हे मूल. छायाचित्रकाराने आणखी दोन चित्रे घेतली, हात जोडले, आणि आम्ही उठलो.

पंधरा चित्रे आली. नवे जोडपे सुरेख आले होते. मुले तर फारच छान. आजी प्रत्येक चित्रात दुसरीकडेच पाहत होती.

पुढे फाल्गुनात ती गेली. भिंतीवर लावायला चित्र हवे, म्हणून सारे घर शोधाशोध करू लागले. फोनमध्ये तिची चित्रे होती, पण ओट्याशी पाठमोरी, नाहीतर झोपलेली, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या गर्दीत अर्धी कापलेली. कुणीतरी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. वडिलांनी तो लावू दिला नाही. अखेर आत्याच्या १९८६ मधील लग्नाच्या अल्बममधून एक चित्र काढले. त्यात ती सत्तेचाळीस वर्षांची आहे, भरल्या अंगाची, थेट समोर पाहणारी. आम्हा नातवंडांपैकी त्या बाईला कुणीच ओळखत नाही.

यात छायाचित्रकाराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याने पैसे घेतले तितके काम केले. दोष क्रमाचा होता. ज्या माणसासाठी आपण सारे जमलो त्याला शेवटी बसविले, आणि जे उद्याही आरशापुढे उभे राहून आपले चित्र काढू शकतात त्यांना आधी वेळ दिला. मिनी सेशनचा खरा दोष मला येथे दिसतो. घड्याळ चालू असले की चपळ माणसे पुढे सरकतात.

म्हणून माझे मत असे आहे की तीन पिढ्या एकत्र असतील, घरात कुणी थकलेले, कमी ऐकणारे किंवा आजारी असेल, तर वीस मिनिटांचा सौदा स्वस्त दिसला तरी घेऊ नये. निदान लागोपाठच्या दोन वेळा मागून घ्याव्यात. त्याहून बरे म्हणजे छायाचित्रकाराला अर्ध्या तासासाठी घरी बोलवावे. आजीची खुर्ची, तिची खिडकी, तिचा नेहमीचा उजेड तेथे आधीच हजर असतो. दोन माणसे आणि एक मूल असा संसार असेल तर मात्र मिनी सेशनसारखी सोय नाही. छायाचित्रे हाती आल्यावर त्यांतील निदान एक कागदावर छापून मागे नावे आणि तारीख लिहावी, असेही सुचवावेसे वाटते. आमच्या यात्रेतल्या फोटोमागे आजोबांच्या अक्षरात फक्त ‘कर्णपुरा’ एवढेच आहे, साल नाही. वडील आणि काका त्यावरून अजून भांडतात.

यंदाच्या भाऊबीजेला आम्ही पुन्हा त्याच बागेत वेळ घेणार आहोत, या खेपेस चाळीस मिनिटांची. काकांचे गुडघे आता दुखतात. ते अर्धा तास आधी जाऊन खुर्चीवर बसणार आहेत, आणि नव्या जोडप्याला, जे आता तितकेसे नवे राहिले नाही, शेवटची पाच मिनिटे मिळणार आहेत.