कार्टमधलं अर्धं आधी काढ

अगं बयो, रात्री अकराला कार्टचा फोटो पाठवून "ताई, दाबू का?" विचारतेस, आणि मी झोपेत "हो" म्हणेन अशी आशा धरतेस! दाबू नकोस. स्टीलचे ड्राइव्हशाफ्ट, स्टीलचा स्पर गिअर, ॲल्युमिनिअमच्या लिंका, वर शॉक टॉवरही ॲल्युमिनिअमचे. दगडांवर चढवायची ही रिमोटची गाडी घेऊन महिना नाही झाला. रुखवत मांडल्यासारखं काय हे?

मी हेच केलं होतं, म्हणून बोलतेय. टेकडीवर भेटणारे सगळे दादालोक एकच सांगायचे, "फुल मेटल कर, टेन्शन नाही." केली. दुसऱ्याच रविवारी वेताळ टेकडीच्या खाणीत, काळ्या दगडाच्या फटीत पुढचं चाक अडकलं. रिव्हर्स घ्यायचं सोडून मी थ्रॉटल दाबून धरला. गाडी थरथरली, एक बारीकसा 'टक्' आवाज आला आणि पुढची चाकं थंड. मागची बिचारी एकटीच ढकलतायत. घरी येऊन ॲक्सल उघडला तर रिंग गिअरचे तीन दात गायब, आणि ग्रीजमध्ये काजूकतलीच्या वर्खासारखी चकाकी. तिथवर पोचायला चाकं, लिंका, सर्व्हो सगळं उतरवावं लागतं गं. त्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरण करपलं ते वेगळंच.

काढून ठेवलेला प्लास्टिकचा शाफ्ट तेव्हा गाडीत असता, तर तो धुणं पिळल्यासारखा पिळला असता. मधे पांढरट पडतो, मग तुटतो. बाहेरच्या बाहेर दोन-चार स्क्रू काढून, तिथेच दगडावर बसून बदलता येतो. घरात शॉर्ट झालं तर फ्यूज उडावा, वायरिंग जळू नये, एवढं साधं आहे हे. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे काका आपल्याही वाड्यात होते, आठवतात? मी तेच केलं होतं.

म्हणून कुठला भाग मजबूत करू, हे नंतर विचार. काय मोडलेलं चालेल, ते आधी ठरव.

आता हिशेब बघ. मोटारीचा जोर वाटेतल्या प्रत्येक गिअरजोडीपाशी वाढत जातो. माझ्या गाडीच्या, म्हणजे ॲक्सियलच्या एससीएक्स-१० टूच्या ॲक्सलमध्ये पिनियनला ८ दात आणि रिंगला ३०, म्हणजे एकट्या त्या जोडीत जोर पावणेचारपट. तिथून चाकापर्यंतच्या आतल्या शाफ्टांवर हा सगळा भार येतो, म्हणून तिथे स्टील हवंच. पण तुझी आहे ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, २०१७ साली आलेली, पोर्टल ॲक्सलवाली. तिच्यात शेवटची गिअरजोडी थेट चाकापाशी असते. जोर शेवटच्या क्षणी वाढतो, त्यामुळे मधल्या शाफ्टांना त्या मानाने कमी पीळ सोसावा लागतो. म्हणजे माझ्यापेक्षाही तुला स्टीलच्या ड्राइव्हशाफ्टची घाई कमी. आहेत ते पिळून जाऊ देत एकदा, मग बघू.

स्पर गिअरला तर हातच लावू नकोस. प्लास्टिकचा स्पर शांत चालतो. स्टीलवर स्टील फिरायला लागलं की खिडकीतून शेजारीण विचारते, "मिक्सर बिघडला का?" शिवाय तो समोरचा पिनियनही खातो. स्परचे दात वारंवार जात असतील तर दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या दातांमध्ये घालून मोटार घट्ट कर, मग पट्टी फिरवून काढ. कागदावर नुसत्या घड्या पडायला हव्यात, फाटायला नको. आणि गिअर ॲल्युमिनिअमचे तर कधीच घेऊ नकोस. दिसतात झकास, झिजतात खडूसारखे.

एक गोष्ट मात्र मेटलचीच हवी: सर्व्होचा हॉर्न. फटीत चाक वळवताना प्लास्टिकचा हॉर्न आतून घसरतो. आपल्याला वाटतं सर्व्हो गेला, आणि नवा आणतो. (मी आणला होता. सांगू नकोस कुणाला.) दात मोजून घे, बहुतेक २५ असतात.

शॉक टॉवरचं म्हणशील, तर वजन वर चढवून काय मिळणार? चढावर गाडी मागे कलंडेल. वजन घालायचंच असेल तर खाली, चाकांच्या आत किंवा स्टिअरिंगच्या नकलवर घाल, आणि ते पितळेचं घे. वरचं सगळं प्लास्टिकचंच बरं. आपटलं तर वाकून परत सरळ होतं, ॲल्युमिनिअम वाकलं की वाकलंच. नायलॉनचे नवे भाग कोरडे असले की जरा ठिसूळ असतात, ते पाण्यात उकळून घे. पाणी पितात आणि चिवट होतात. आईच्या चहाच्या पातेल्यात नको हां, जुना डबा घे.

पावसाळ्यात स्टीलला गंज लागतो, ते आलीस की दाखवते. हो, आणि निळं थ्रेडलॉक फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला. प्लास्टिकला लागलं तर काही प्लास्टिकला तडे जातात.

आणि दुकानात "भावासाठी घेताय का?" असं विचारलं तर चिडू नकोस, मला अजून विचारतात. सरळ पोर्टलचं बेअरिंग कोणत्या मापाचं ते विचार. पुढचं बोलणं आपोआप ताळ्यावर येतं.

रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत टेकडीवर जाऊ. माझ्याकडे मेटलचा एक जादा हॉर्न पडलाय, तो घेऊन जा, नवा मागवू नकोस.