गीता १३.९ : झाडाची सावली आणि ३०२ ची नहाणी



आजच्या वाचनात तेराव्या अध्यायातला नववा श्लोक आहे. काही प्रतींत तो दहावा असतो, कारण तिथे अर्जुनाचा प्रश्न पहिला श्लोक म्हणून मोजलेला असतो. तुमच्या पुस्तकात आकडा जुळला नाही तर गोंधळू नका. मुलगा, बायको, घर यांत मन गुंतवून न ठेवणं, आणि आवडतं घडो की नावडतं, चित्त सारखंच ठेवणं, असा साधारण अर्थ.

ज्ञानेश्वरीत इथे माऊलींनी दोन दृष्टांत दिलेत. ज्ञानी माणूस देहात कसा राहतो? वाटसरू रात्रीपुरता बिऱ्हाडात उतरतो तसा. आणि घरावर त्याचा जीव किती? वाटेत झाडाची सावली लागली, बसलो, उठलो, तेवढाच.

२०२० मध्ये हा सावलीचा दृष्टांत माझा फार लाडका होता. फोनच्या वॉलपेपरवर लावला होता. कारण मी तेव्हा घर विकत होतो.

थोडं मागे जातो. पिंपरी-चिंचवडमध्ये आमचा टू बीएचके होता, २०१६ साली घेतलेला, कर्ज ४२ लाख, हप्ता ३८ हजारांच्या आसपास. नोकरी आयटीतली. त्यामुळे हप्ता म्हणजे काय हे पहिली चार वर्षं मला कळलंच नाही, तो आपोआप जायचा. मे महिन्यात पगार कापला आणि जूनच्या शेवटी एका व्हिडिओ कॉलवर नोकरीच गेली. अकरा मिनिटांचा कॉल. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, १ मार्चपासून आधी तीन महिने, मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. मी ती घेतली. पण हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते मुद्दलात जाऊन बसलं आणि ३८ लाखांच्या आसपास उरलेलं कर्ज साडेएकोणचाळीसच्या पुढे गेलं.

त्यातच राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत घरांच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं. एजंटचा फोन आला, "साहेब, गिऱ्हाईक आत्ता बाहेर पडलंय, ही वेळ सोडू नका." बायकोशी दोन रात्री बोललो आणि ठरवलं. एवढ्यात माऊलींची सावली सापडली, आणि मला वाटायला लागलं की आपण विकतोय म्हणजे आपण अनासक्त आहोत!

आता खरी गोष्ट.

मी सोसायटीचा खजिनदार होतो. दर महिन्याच्या १० तारखेला थकबाकीदारांची यादी सभासदांच्या ग्रुपवर टाकायची, ही पद्धत मीच सुरू केली होती. एक्सेलमध्ये छान लाल रंग देऊन. तेव्हाच्या उपविधीनुसार थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता यायचं. मी पूर्ण २१ लावायचो आणि ते यादीत वेगळ्या रकान्यात दाखवायचो. १० एप्रिलला, लॉकडाऊन सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाही मी यादी टाकली. त्यात सगळ्यात वर २०२ होता.

२०२ मधले काका म्हणजे आमच्या बरोबर खालचे. हायवेजवळ त्यांची खानावळ होती. जेवणारी सगळी कंपन्यांतली आणि कॉलेजातली मुलं. मार्चमध्ये मुलं गावी गेली आणि खानावळीचं शटर खाली आलं. काकांनी यादीवर ग्रुपमध्ये एक शब्द लिहिला नाही. नुसता मेसेज वाचला गेल्याच्या निळ्या खुणा.

जुलैच्या १० तारखेला मी यादी बनवली. तोपर्यंत माझेही तीन महिने थकले होते. मेंटेनन्स महिन्याला ३,२००. म्हणजे लाल रंगात ३०२ पण येणार, माझ्याच हाताने. मी ती फाईल बंद केली आणि ग्रुपवर लिहिलं की सध्याचा काळ कठीण आहे, सगळ्यांवरच संकट आहे, तेव्हा माणुसकी म्हणून यापुढे नावांची यादी टाकणार नाही. पाच मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले. कुणी लिहिलं, असे पदाधिकारी हवेत. मी तो स्क्रीनशॉट आईला पाठवला.

नोकरी गेल्याचं बिल्डिंगमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी नऊला शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचो. बाल्कनीतून समोरच्यांना दिसावं म्हणून.

आणि तिसरी गोष्ट नहाणीची. आमच्या बाथरूमचं पाणी काकांच्या बेडरूमच्या छतात झिरपत होतं. त्यांनी २०१९ च्या पावसाळ्यापासून तीनदा सांगितलं होतं. प्लंबर म्हणाला, नहाणी ट्रॅपच्या भोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, फरशी फोडावी लागेल, ६५ हजार. फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी, हे मला पक्कं माहीत होतं. उपविधी मीच लोकांना वाचून दाखवायचो. आधी पैसे होते तेव्हा वेळ नव्हता, मग वेळ भरपूर झाला तेव्हा पैसे नव्हते.

एजंट घर बघून गेला आणि खूश झाला. "तुमच्याकडे तर काहीच दिसत नाही. टाइल्समध्ये पांढरं सिमेंट भरून घ्या, झालं. खालचा आणि नवा मालक बघून घेतील." खरंच होतं ते. गळती माझ्या घरात दिसतच नव्हती, ती दिसायची काकांच्या छताला. घर बघायला येणारा माणूस काकांच्या बेडरूममध्ये कशाला जाईल?

पहिलं जोडपं सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आलं. मास्क लावून, एक लहान मुलगी बरोबर. साडेअठ्ठावन्नला तयार झाले. टोकन पुढच्या शनिवारी द्यायचं ठरलं.

त्या आठवड्यात मी तेरावा अध्याय पुन्हा वाचायला घेतला, सावलीचा दृष्टांत परत भेटावा म्हणून. पण ॲपमध्ये चुकून सातवा श्लोक उघडला. ही यादी तिथून सुरू होते हे मला माहीत होतं, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. अमानित्व. अदंभित्व. अहिंसा. क्षांती. आर्जव. घराचा नंबर येतो तो दोन श्लोकांनंतर, आसक्ती सोडण्याच्या सोबत. आणि अकराव्या श्लोकात कृष्ण या सगळ्याला मिळून एकच नाव देतो, 'ज्ञान'. म्हणजे मी यादीतला शेवटाकडचा एक आयटम उचलून वॉलपेपरवर लावला होता आणि वरचे पाच स्क्रोल करून टाकले होते. आपण डेव्हलपर लोक डॉक्युमेंटेशन असंच वाचतो, हवं तेवढंच.

अदंभित्वावर माऊली काय म्हणतात ते जमलं तर मुळातून वाचा. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसा हा माणूस आपलं चांगलं कृत्य कुणाला कळू देत नाही. मी नोकरी गेल्याचं लपवलं होतं, थकबाकी लपवली होती, नहाणी लपवत होतो, आणि दाखवली होती ती माणुसकी. दृष्टांत बरोबर उलटा झाला होता. आर्जव म्हणजे सरळपणा, आत एक बाहेर एक नसणं. तो शब्द वाचून मी उठलो आणि पाणी प्यायलो. दुसरं काय करावं सुचेना.

शुक्रवारी रात्री त्या जोडप्याला फोन करून गळतीचं सांगितलं. त्यांनी आभार मानले. शनिवारी आले नाहीत, नंतर फोनही उचलला नाही. एजंट चिडला. "साहेब, असं असेल तर मठात राहा ना!" बायको एजंटसारखं बोलली नाही, पण त्या रात्री तिने डाळ-भात लावला आणि स्वतः जेवली नाही. इथे मला 'चित्त सारखं ठेवणं' वगैरे काही जमलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तीन आठवडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि मी रोज त्या फोनला शिव्या घालत होतो.

त्या तीन आठवड्यांत एके संध्याकाळी २०२ ची बेल वाजवली. काकांनी आत बोलावलं. छताचा डाग मी पहिल्यांदाच नीट पाहिला, पलंगाच्या बरोबर वर, आणि खाली पलंग भिंतीपासून दोन फूट सरकवलेला. मी म्हणालो, "काका, माझी नोकरी गेलीय जूनमध्ये. घर विकतोय. आणि माझाही मेंटेनन्स थकलाय."

"माहितीय मला," काका म्हणाले.

"कसं काय?"

"जुलैची यादी आली नाही ना, तेव्हाच कळलं. वीस वर्षं खातेवही सांभाळली रे मी. ज्याचं खातं थकतं, तो आधी भाजीला नावं ठेवतो नाहीतर अचानक फार गोड बोलायला लागतो. तू गोड बोललास."

मी एप्रिलच्या यादीबद्दल माफी मागितली. ते लगेच "जाऊ दे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझ्या काकू त्या दिवशी खाली दूध आणायला गेल्या नाहीत." एवढंच. मग चहा झाला.

ऑक्टोबरमध्ये दुसरं कुटुंब आलं. या वेळी आधी २०२ मध्ये नेऊन छत दाखवलं, मग आमचं बाथरूम. त्यांनी भाव पाडून ५७ केला, आणि ताबा देण्याआधी गळती बंद करून द्यायची हे साठेखतात लिहून घेतलं. टोकनच्या एक लाखातले ६२ हजार फरशी फोडण्यात गेले. फरशीखालची जुनी विटांची भर काढली तेव्हा ती हाताने पिळता येत होती. एवढं पाणी दोन पावसाळे माणसांच्या डोक्यावर ठेवलं होतं मी. ग्रुपवर दोघांनी लिहिलं की तुम्ही ५७ ला विकलंत तर आमचा रेट पडतो. त्यांचंही चूक नव्हतं, एकाला त्याच वर्षी विकायचं होतं. त्याला काय उत्तर द्यावं हे मला आजही सुचलेलं नाही.

कर्ज फिटलं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही, हा एक दिलासा होता. कुणी त्या विचारात असाल तर माहीत असू द्या. थकबाकी भरून दाखला घेतला आणि खजिनदारपद सोडलं. जाताना फाईलमधला व्याजाचा रकाना कमिटीपुढे ठेवला. बरीच वादावादी झाली, आणि लॉकडाऊनच्या काळाचं व्याज सगळ्यांनाच माफ झालं. नावांची यादी ग्रुपवर टाकायची नाही हेही लिहून घेतलं, या वेळी खऱ्या कारणासाठी.

आम्ही त्याच सोसायटीत बी विंगमध्ये वन बीएचके भाड्याने घेतला. भाडेकरूला सभासदांच्या ग्रुपवर ठेवत नाहीत. माऊलींचं बिऱ्हाड ते हेच का, असं मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, आधी गॅसचं कनेक्शन बघा. नवी नोकरी फेब्रुवारीत लागली, कमी पगाराची.

काकांनी नंतर घरूनच डबे सुरू केले. आमचे दोन असतात. महिन्याचे पैसे मी १ तारखेलाच देतो, तरी ते वहीत लिहून घेतात आणि पान माझ्याकडे फिरवून दाखवतात. त्यांच्या छताला नवा रंग दिलाय, पण जुन्याशी शेड जुळली नाही. पलंगावर झोपलं की तेवढा चौकोन वेगळा दिसतो म्हणे. पलंग मात्र परत भिंतीला लावलाय.

उद्या दहावा श्लोक, अव्यभिचारी भक्तीचा. वाचून या. राम कृष्ण हरी.