सुनेच्या जन्मगावाची रांग

संतपूर, ता. औराद, जि. बीदर
नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,

 

तुझा लांबलचक मेसेज अक्काने, तुझ्या आईने, मला वाचायला दिला. ग्रीन कार्ड कधी मिळेल, तुझ्या बायकोच्या आईवडिलांना तिकडे अमेरिकेत कायमचं नेता येईल का, आपल्या लोकांचं काय, आणि फेब्रुवारीत सासूसासरे संतपूरला येऊ शकतील का, असे चार प्रश्न तू एका दमात विचारलेस. माझी नोकरी हैदराबादेत दुसऱ्यांच्या पोरांच्या अमेरिकेच्या एच-वन व्हिसाच्या फायली लावण्यात गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पण चारही प्रश्न एकाच गाठोड्यात बांधू नकोस. प्रत्येकाची रांग निराळी आहे, आणि एका रांगेत उभं राहिल्यावर दुसरी कधीकधी बंद होते.

आधी तुझं स्वतःचं. रांगेतली जागा ठरवणारी तुझी प्रायॉरिटी डेट मार्च २०१९ ची, नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या ईबी-२ रांगेतली. भारतात जन्मलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२५ च्या अमेरिकेच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ही रांग १ एप्रिल २०१३ पर्यंत आली होती. चीनमध्ये जन्मलेल्यांसाठी १ एप्रिल २०२१ पर्यंत. एका देशाच्या वाट्याला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायचं नाही, असा तिथला कायदा आहे, आणि आपल्याकडून अर्ज फार, म्हणून आपली रांग इतकी मागे. हा देश ठरतो तो मात्र पासपोर्टावरून नाही, जन्मस्थानावरून. नवरा-बायको एकत्र अर्ज करत असतील तर दोघांपैकी ज्याचं जन्मस्थान सोयीचं, त्याच्या देशाच्या कोट्यात दोघांनाही धरतात. म्हणजे संतपूरला जन्मलेला तू चीनमधल्या छंगदूला जन्मलेल्या तुझ्या बायकोच्या जिवावर आठ वर्षं पुढे सरकतोस. २०१९ ची तारीख तिच्या रांगेत कधीच पार झाली आहे! वकिलाला आजच्या आज विचार की लग्नाच्या दाखल्यासह तिच्या जन्मस्थानावर अर्ज का लावला नाही. तुमचं लग्न गेल्या वर्षीच नोंदलंय, ते फायलीत अजून चढलं नसेल.

गावात अजून ‘चीनची सून’ म्हणून कुजबुज चालते, ती चालू दे. त्यांना मी एवढंच सांगतो की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ मध्येच चीनमध्ये तिथल्या परिचारिकेशी, को छिंगलानशी, लग्न केलं होतं. कोटणीस पुढच्याच वर्षी गेले, पण त्या बाई नंतर अनेकदा भारतात सासरच्या माणसांना भेटून गेल्या.

आता तिचे आईवडील. तू लिहितोस, “ग्रीन कार्ड मिळालं की लगेच त्यांना बोलावू.” तसं होत नाही. ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिकालाच येतो. नागरिकत्वाला ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षं. तिथून पुढे मात्र वाट मोकळी आहे. नागरिकाच्या आईवडिलांना कोटा नाही, त्यामुळे चीन काय नि भारत काय, रांग सारखीच. फक्त मुलाखत त्यांची ग्वांगचौला आणि दाजी-अक्काची, म्हणजे तुझ्या आईवडिलांची, मुंबईला. दुसरं, अर्ज ज्याचा त्याने आपल्याच आईबापासाठी करायचा. जावयाला सासूसासऱ्यांसाठी करता येत नाही. म्हणजे छंगदूच्या दोघांना कायमचं न्यायचं तर तुझ्या बायकोलाच अमेरिकन नागरिक व्हावं लागेल.

इथे जरा थांब. तुझ्या आईबापाजवळ इथे तुझा धाकटा भाऊ आहे. तिच्या आईबापाला ती एकटी. चीनमध्ये १९८० पासून २०१५ पर्यंत एकाच मुलाचा नियम होता. त्या पिढीतल्या पोरीला भाऊ नाही, वहिनी नाही, आईबापाची जबाबदारी गळ्यात घालायला दुसरं कोणी नाही. आणि चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिने अमेरिकन पासपोर्ट घेतला की चिनी नागरिकत्व आपोआप गेलं, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या आपल्याकडच्या ओसीआय कार्डासारखं काही तिथे नाही. मग आईच्या घरी जायलाही तिला व्हिसा लागेल. जास्त राहायचं असेल तर क्यू-१, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर क्यू-२, आणि त्यासाठी निमंत्रणाचं पत्र तिला तिच्या आईनेच द्यायचं. तू अमेरिकन झालास तर ओसीआय घेऊन उद्या संतपूरला येशील. वारशाने आलेली जमीनही तुझ्याकडे राहील, नवी शेतजमीन तेवढी घेता येणार नाही. तिचं तसं नाही. म्हणून नागरिकत्वाचा निर्णय तिचा तिला घेऊ दे. तू नको बोलूस, तुझ्या आईने तर नकोच.

शिवाय त्या दोघांना खरंच तिथे राहायचंय का, हे विचारलंस का? ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहणं. वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर कार्ड सोडून दिलं असं धरू शकतात. सहा महिन्यांच्या वर गेलं तरी परत येताना विमानतळावर प्रश्न होतात. म्हाताऱ्यांचं मेडिकेअर पाच वर्षं तिथे काढल्याशिवाय मिळत नाही, तोवर विम्याचा भार तुझ्यावर. आणि त्यांना पोसायची हमी तिने कायद्याच्या कागदावर सही करून द्यायची. त्यांच्याकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे असं तू लिहिलंस. चिनी पासपोर्टवर तो असेल तर दर दोन वर्षांनी, आणि नवा पासपोर्ट घेतला की पुन्हा, ईव्हीयूएस या अमेरिकेच्या ऑनलाइन नोंदणीत माहिती भरावी लागते. ती भरली आहे का, आधी बघ. येऊन-जाऊन राहण्यात ते सुखी असतील तर त्या व्हिसाला हात लावू नका. एकदा कायमच्या वास्तव्याचा अर्ज गेला की पुढे व्हिजिटरच्या फॉर्मवर “तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केला आहे का?” या प्रश्नाला हो लिहावं लागतं, आणि हो लिहिलेल्या माणसाला भेटीचा व्हिसा देताना अधिकारी हात आखडतो. दोन्ही दारं उघडी ठेवून घरात बसता येत नाही, असं मी प्रत्येक पोराला सांगत आलो. निम्म्यांनी ऐकलं.

धाकट्याचा विषय मात्र सोडून दे. भावासाठी नागरिक झाल्यावरच अर्ज करता येतो, आणि त्या रांगेत भारताची तारीख २०२५ मध्येही २००६ वरच अडकली होती. त्याचं तुरीचं रान बरं.

दाजींचे कागद मी काल पेटीतून काढून बघितले. त्यांचा जन्म १९५४ चा. बीदर जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात, १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला. जन्माची नोंद कुठेच नाही. शाळेच्या मराठी दाखल्यावर नावापुढे राव आहे, आधारवर कानडीतून इंग्रजीत गेलेलं नाव आहे त्यात राव नाही, आणि पासपोर्टात आडनावाचं शेवटचं अक्षर वेगळं. उद्या मुंबईची मुलाखत असो की हैदराबादचा व्हिजिटर व्हिसा, इथेच फाईल अडेल. तहसीलमधून जन्मनोंद नसल्याचा दाखला आणि दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं मी याच हिवाळ्यात करून घेतो. ज्यांनी त्यांचा जन्म पाहिला ती माणसं आता मोजकीच उरलीत. तिच्या आईवडिलांनाही जन्माची आणि नात्याची नोटरी-प्रमाणपत्रं आत्ताच काढून ठेवायला सांग. त्यांच्याकडे घराच्या नोंदीचं पुस्तक, हुकोउ, असतं. त्यावरचं नाव नि पासपोर्टचं नाव जुळतं का, ते बघायला सांग.

कागदांबाबत मी इतका काटेकोर का, तर तुमसरच्या पलीकडे तिरोडी आहे ना, बालाघाट जिल्ह्यात, तिथल्या वांग छींमुळे. १९६३ च्या जानेवारीत हा चिनी सैनिक वाट चुकून आपल्या हद्दीत आला, काही वर्षं तुरुंगात राहिला, मग तिरोडीत संसार थाटला. चीनला जायला त्यांना २०१७ उजाडलं. आई २००६ मध्येच गेली होती. दोन सरकारांच्या मध्ये माणूस अडकला होता. तुमच्या दोघांमध्ये तसं काही नाही, फक्त आळस आहे.

फेब्रुवारीचं सांगतो. २०२० पासून बंद असलेला चिनी नागरिकांचा टुरिस्ट व्हिसा आपण २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू केला, आणि थेट विमानंही ऑक्टोबरपासून चालू झाली. अर्ज त्यांनी चीनमधून करावा. निमंत्रणपत्र मी देतो, त्यात आपला पत्ता संतपूरचा स्पष्ट लिहीन. उतरल्यावर हैदराबादहून जहीराबादमार्गे गाडी करू. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरून कळवावं लागतं, नुसत्या लॉजवाल्यांनाच नाही, आपल्यालाही. बीदरच्या एसपी ऑफिसात मी आधीच जाऊन बोलून येतो, म्हणजे रात्री कोणी चौकशीला आलं तर अक्का घाबरणार नाही.

तू एवढं कर: दोघांच्या पासपोर्टाच्या पहिल्या पानाच्या प्रती, तुमचा विवाहदाखला आणि वकिलाचं उत्तर, तिन्ही मला डिसेंबरच्या आत पाठव. आणि नागरिकत्वाबद्दल बायकोशी बोलशील तेव्हा हे पत्र तिला आधी वाचून दाखव, मराठी कळत नसेल तर सावकाश सांग. अक्काशी मी बोलतो.

तुझा,
मामा