पाहुण्यांचा पैसा आणि देशाचा संसार

निर्यात म्हटली कीं माल भरून निघालेलें जहाज आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु जहाजावांचून होणारीही एक निर्यात आहे. श्रीलंकेचा चहा लंडनला गेला म्हणजे त्या देशास परकीय चलन मिळतें. आणि लंडनचा प्रवासी कँडीस येऊन तोच चहा प्याला, तरीही तें मिळतेंच. फरक इतकाच कीं, येथें माल गिऱ्हाइकाकडे न जातां गिऱ्हाईकच मालाकडे येतें.

हा पैसा एका हातीं राहत नाहीं. हॉटेलचा मालक तो कोळ्यास, भाजीवाल्यास, परटास व मोटारचालकास देतो. ते त्यांतून मुलांची फी व वाण्याची उधारी भागवितात. अर्थात् सर्वच रक्कम देशांत राहते असें नाहीं. विमान परदेशी कंपनीचें, हॉटेल परदेशी भांडवलाचें व पाहुण्यापुढील लोणी आयात केलेलें असेल, तर तितका अंश आल्या पावलीं परत जातो. म्हणून प्रवासी किती आले यापेक्षां, त्यांच्या खर्चापैकीं मागें काय उरलें हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

आतां या उत्पन्नाची दुसरी बाजू पाहूं. इ. स. २०१८ मध्यें श्रीलंकेंत सुमारें २३ लाख परदेशी प्रवासी आले व त्यांजपासून सुमारें ४४० कोटि डॉलर मिळाले. २१ एप्रिल २०१९ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, तेथील चर्चांत व हॉटेलांत स्फोट होऊन अडीचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, आणि प्रवासी येण्यास कचरूं लागले. पुढील वर्षीं करोनाची साथ आली. विमानतळ त्यांस बंद झाले. २०२१ सालीं आलेल्यांची संख्या दोन लाखांच्याही आंत राहिली. परकीय चलनाची गंगाजळी आटली, व एप्रिल २०२२ मध्यें सरकारास परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. पेट्रोल व स्वयंपाकाचा गॅस यांकरितां लोक तासन्‌तास रांगेंत उभे राहिले.

हें संकट केवळ प्रवासी न आल्यानें ओढवलें, असें म्हणणें मात्र चुकीचें होईल. कर्जाचें ओझें अगोदरचेंच होतें, आणि २०१९ च्या अखेरीस कर कमी केल्यानें सरकारी उत्पन्नही घटलें होतें. पण ज्या घराची मिळकत पाहुण्यांवर व खर्च उसनवारीवर, त्या घरीं पाहुणे न येणें हीच आपत्ति ठरते. २०२४ सालीं प्रवासी पुन्हां २० लाखांवर गेले. तथापि उत्पन्न २०१८ इतकें झालें नाहीं.

आपल्या गोमंतकांत व कोंकण किनाऱ्यावरही अनेक कुटुंबांची चूल पाहुण्यांच्या पैशावर पेटते. हा धंदा वाईट नव्हे. त्यास शेती, मासेमारी, एखादें हस्तकौशल्य व थोडी शिल्लक यांची जोड मात्र हवी. आपल्या घरचें उत्पन्न किती वाटांनीं येतें, आणि त्यांतील एक वाट बंद झाल्यास किती महिने निभाव लागेल, हा हिशेब मुलांनीं आईवडिलांजवळ बसून एकदां अवश्य करावा.