एका पानाचे रोप : वसतिगृहाच्या खिडकीतील एक पाठ

आमच्या वसतिगृहाच्या खिडकीत दरवर्षी जून महिन्यात रिकाम्या बरण्यांची रांग लागते. प्रत्येक बरणीत थोडे पाणी आणि त्यात उभे केलेले एक पान. या बरण्यांनी आम्हांला जे शिकवले, ते माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निरोपाच्या दिवशी एक रोप द्यावे, असे ठरले. मुलांनी मनीप्लांटची पाने देठासह खुडून पाण्यात ठेवली. काही आठवड्यांत पांढरी मुळे फुटली; सर्वांना आनंद झाला. परंतु फेब्रुवारी उजाडला तरी एकाही पानाला कोंब आला नाही. मनीप्लांटचा कोंब पेऱ्यावरील डोळ्यातून येतो. नुसते पान मुळे धरते, पण डोळा निर्माण करू शकत नाही. त्या तुकडीला आम्ही रिकाम्या हातांनी निरोप दिला.

पानापासून पूर्ण रोप देणाऱ्या वनस्पती मोजक्याच आहेत. पानफुटीच्या पानाच्या कडेवरील खाचांतूनच इवली रोपे उगवतात. तिचे पान ओल्या मातीवर ठेवले तरी पुरते. आफ्रिकन व्हायोलेट आणि बेगोनियाच्या काही जाती याच गटातल्या. पाण्यातील प्रयोगासाठी आम्ही स्नेक प्लांट निवडला.

कृती सोपी आहे. निरोगी, पक्व पान स्वच्छ सुरीने कापावे व त्याचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला खाच पाडून खूण करावी, कारण उलटा ठेवलेला तुकडा मुळे धरत नाही. मुळांना चालना देणारे ऑक्सिन हे द्रव्य पानात वरून खाली वाहते आणि खालच्या कापापाशी साचते. काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा. ओल्या जखमेतून कूज शिरते. नंतर तुकड्याचे दोन-तीन सेंटिमीटर टोक बुडेल इतकेच पाणी घ्यावे व बरणी उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवावी.

पाणी आठवड्यातून एकदा बदलावेच. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि पान सडते. शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून बदलताना बरणी आतून घासून घ्यावी. मुलांच्या निवासात ही दक्षता सर्वांत महत्त्वाची.

मुळे यायला साधारण एक-दोन महिने लागतात. कोंबाला त्याहून कितीतरी अधिक काळ. मुळे तीन-चार सेंटिमीटर झाली की तुकडा माती, वाळू व गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात लावावा. पिवळ्या कडेच्या जातीचे नवे रोप मात्र बहुधा संपूर्ण हिरवे निघते. ती पिवळी कड हवी असेल, तर मूळ झाडाचा बुंधाच विभागावा लागतो.

पिंपळाचे पान पाण्यात ठेवले, तर शेवटी त्याची जाळी उरते, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. महावंसातील वृत्तान्तानुसार इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात थेरी संघमित्रा यांनी श्रीलंकेत बोधिवृक्षाची शाखा नेली. अनुराधपूरचा महाबोधी आजही उभा आहे. पान नव्हे, शाखा नेली, म्हणून वृक्ष झाला. योग्य कारणे एकत्र आली की फळ येते. एक जरी उणे असले तर येत नाही, मग इच्छा कितीही प्रामाणिक असो. बुद्धांचा कार्यकारणभाव आमच्या मुलांनी प्रथम या खिडकीत पाहिला.

आता प्रत्येक तुकडी जाताना रोप घेऊन जाते. पहिल्या तुकडीचे देणे मात्र आमच्याकडे बाकी आहे. त्यांच्यासाठीच्या कुंड्या खिडकीत तयार आहेत. सवडीने यावे आणि आपापले रोप न्यावे.